मोटारीचे दार



या व्याख्यानमालेत गेल्या चार दिवसांत संतवाङ्मयावर ऐकलेत, विदर्भाच्या पाण्यावर ऐकलेत, काल तर ग्रहताऱ्यांपर्यंत जाऊन आलात. आज मी तुमच्यापुढे मोटारीच्या दाराची बिजागरी घेऊन उभा आहे. पंगतीत श्रीखंड वाढून झाल्यावर कोणी मिठाचे ताट घेऊन यावे तसे हे झाले. मात्र मीठ हे पंगतीत सर्वांत आधी वाढतात, आणि ते पानात आहे की नाही याकडे जेवणाऱ्याचे लक्ष नसते. नसले म्हणजेच कळते. बिजागरीचेही तसेच आहे.

मी मोटारींतला जाणकार नव्हे. तीस वर्षे शाळेत मुलांना पदार्थविज्ञान शिकवले, एवढीच माझी लायकी. तरफेचे प्रकार, घर्षण, बलाचा परिणाम हे सर्व मी फळ्यावर खडूने काढीत असे आणि शाळेच्या फाटकाबाहेर माझ्याच मोटारीत हे सर्व नियम मोडकळीस आलेले असत. तेव्हा आजचे बोलणे हा काही अंशी कबुलीजबाबही आहे.

आमची गाडी 1968 सालची फियाट 1100 डिलाइट. माझ्या वडिलांनी ती 1971 मध्ये दुसऱ्या हाताने घेतली, कारण पहिल्या हाताने घ्यावयाची तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. इथे बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींना ते दिवस आठवत असतील. शेठ वालचंद हिराचंद हे मूळ सोलापूरचे. त्यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडत. तिकडे बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला अँबेसेडर बनवी. आपल्या नागपुरात डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन भरे तेव्हा सिव्हिल लाइन्समध्ये पांढऱ्या अँबेसेडर गाड्यांची जी रांग लागे, ती ज्यांनी पाहिली त्यांना त्या दारांचा 'धप्प' असा जड आवाजही आठवत असेल. फियाटचा आवाज त्या मानाने हलका. पण दार नीट असेल तर तोही एकच आवाज असतो. दोन आवाज आले, आधी 'खट' आणि मग 'खडक', की समजावे काही तरी झिजले आहे.

फियाटच्या दारांचा थोडा इतिहास सांगण्यासारखा आहे. 1953 साली इटलीत निघालेली 1100 ही गाडी आपल्याकडे 'दुक्कर फियाट' या नावाने ओळखली जाई. नाव प्रेमाचे होते. तिची पुढची दारे उलटी उघडत, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला आणि मूठ पुढच्या बाजूला. लुगडे नेसलेल्या बाईला चढाउतरायला ती फार सोयीची. परंतु चालत्या गाडीत असे दार जरा किलकिले झाले की समोरून येणारा वारा त्यात शिरतो आणि ते फाडल्यासारखे उघडतो. म्हणून इंग्रजीत अशा दारांना आत्महत्येची दारे असे नाव पडले. पुढे दारे सरळ झाली. डिलाइट आणि 1974 पासून पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली तिची वारसदार, या दोघींची चारही दारे पुढच्या बाजूला बिजागरी असलेली. वारा त्यांना उघडत नाही, उलट दाबून धरतो. आमचा सर्वांचा समज असा झाला होता, की आता दार आपोआप उघडण्याची भीती गेली.

वारा गेला तरी दुसरे बल शिल्लक होते. ते मी दरवर्षी नववीच्या वर्गाला शिकवीत होतो.

1989 सालची कार्तिक पौर्णिमा. रामटेकच्या यात्रेला आम्ही निघालो होतो. मी गाडी चालवीत होतो, शेजारी वडील, मागे ताई, मध्ये तिचा पाच वर्षांचा मुलगा आणि डाव्या दाराशी आई. त्या डाव्या मागच्या दाराची तक्रार दोन वर्षांपासून होती. ते लागत नसे, आपटावे लागे. आपटून आपटून आईचा हात दुखे. तेव्हा त्या दिवाळीच्या सुटीत मी स्वतः हत्यारे घेऊन बसलो. मधल्या खांबाला नव्हे, मागच्या खांबाला एक पोलादी तुकडा बसवलेला असतो, ज्यात कुलपाची जीभ अडकते. गॅरेजात त्याला स्ट्रायकर म्हणतात. त्याचे स्क्रू ढिले करून मी तो थोडा खाली आणि थोडा बाहेर सरकवला. तरी जीभ वरच्या कडेला घासत होती, म्हणून ती कड कानशीने घासून काढली. दार लोण्यासारखे लागू लागले. आईने बोटाने ढकलून पाहिले आणि माझे कौतुक केले.

जबलपूर रस्त्याने मनसरला पोहोचलो की रामटेकसाठी उजवीकडे वळावे लागते. उजवीकडे वळणाऱ्या गाडीत माणसे डावीकडे फेकली जातात. मध्ये बसलेला मुलगा आणि त्याच्या पलीकडची ताई आईच्या अंगावर रेलली, आई दारावर रेलली, आणि दार उघडले.

वळणामुळे वेग कमी होता. ताईने मुलाला धरले. आईला कोणी धरू शकले नाही. ती रस्त्याच्या कडेच्या मुरमावर पडली. उजवे मनगट मोडले. ते जुळले, पण वाकडे जुळले. पुढे पोळी लाटताना ती लाटणे डाव्या हाताने दाबून धरी. ती 2004 साली गेली. तोपर्यंत कोणाच्याही गाडीत बसली, अगदी नव्या कोऱ्या गाडीत, तरी बसल्यावर दाराची मूठ दोनदा आतून ओढून पाहत असे. मला ती एका शब्दाने बोलली नाही. वडील मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी घेऊन आले आणि ते दार त्यांनी समोरच्या सीटच्या पायाशी बांधून टाकले.

आता माझी चूक कोठे झाली ते पाहू. हाच आजचा विषय.

दार लागत नव्हते ते कुलपापाशी. म्हणून मी कुलपापाशी उपाय केला. परंतु दार बिघडले होते दुसऱ्या टोकाला, बिजागरीपाशी. आपल्या महालातल्या जुन्या वाड्यांचे मोठे दार आठवा. त्या फळीला खाली आणि वर लाकडी खुंटी असे, आणि खालची खुंटी दगडातल्या खळग्यात फिरे. दाराचे सारे ओझे सरळ जमिनीवर. असे दार शंभर वर्षे कुरकुरेल, पण लोंबकळणार नाही. मोटारीचे दार जमिनीवर उभे नसते. ते एका कडेने धरून हवेत लटकवलेले असते. समजा दाराचे वजन 20 किलो आहे, वजनाचा मध्य बिजागरीपासून 40 सेंटीमीटर दूर आहे, आणि दोन बिजागऱ्यांमध्येही 40 सेंटीमीटर अंतर आहे. तर वरची बिजागरी 20 किलोच्या बलाने ओढली जाते आणि खालची तितक्याच बलाने दाबली जाते. दार उघडे असो की बंद, रात्र असो की दिवस. दार बंद असताना यातला काही भार कुलूप आणि रबर उचलतात, एवढाच विसावा.

बिजागरीच्या मध्ये एक पिन असते. पिन आणि तिचे भोक यांत अर्धा मिलिमीटर झीज झाली, वर अर्धा आणि खाली अर्धा, की दाराची मोकळी कड साधारण दोन मिलिमीटर खाली येते. दोन मिलिमीटर म्हणजे ज्वारीच्या दाण्याचा निम्मा भाग. एवढ्याने कुलपाची जीभ आपल्या जागेच्या खाली उतरते आणि स्ट्रायकरच्या कडेवर आदळू लागते. मग दार आपटावे लागते. आपटल्याने पिन आणखी झिजते, दार आणखी खाली बसते, मग आणखी जोराने आपटावे लागते. कर्जाच्या व्याजासारखे हे चालते.

आपल्या नागपूरचा यात वाटा आहे बरे का. मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत थेट जाऊन बसणारा माणूस नागपूरकर नव्हे. आपण आधी चारही दारे उघडतो, गरम हवा जाऊ देतो, मग बसतो. म्हणजे एका माणसासाठी चार दारांची उघडझाप. उन्हाने ग्रीस पातळ होऊन वाहून जाते, मागे जे राहते त्यावर धूळ बसते, आणि ग्रीस व धूळ यांचे मिश्रण म्हणजे तर घासकामाचा लेपच. उघड्या दाराला वावटळीने झटका दिला की दार अडवणारी पट्टी तुटते, आणि ती तुटली की दार हवे त्यापेक्षा जास्त उघडून बिजागरीची पातीच वाकवते. मग येतो पाऊस. काचेवरून ओघळलेले पाणी दाराच्या पोटात उतरते. ते बाहेर जावे म्हणून दाराच्या तळाला बारीक भोके ठेवलेली असतात. ती भोके कडुनिंबाच्या काड्यांनी आणि मातीने बुजली की दार आतून हौदासारखे भरते आणि तळाचा पत्रा पापडासारखा होतो. घरी जाऊन आपापल्या गाडीच्या दाराखाली बोट फिरवून पाहा. जुनी असो वा नवी. खिळ्याने ती भोके मोकळी करायला एक मिनिट लागते.

अपघातानंतर आम्ही काय केले? एका गॅरेजवाल्याकडून कुलूप बदलून घेतले. पुन्हा कुलूपच! नवे कुलूप काही दिवस छान चालले आणि मग तेही खाली आदळू लागले. 1997 साली गाडी ताडपत्रीखाली गेली आणि मी दुचाकीवर आलो. वडिलांनी गाडी विकू दिली नाही, आणि वापरूही दिली नाही.

निवृत्तीनंतर, 2019 मध्ये, माझा भाचा म्हणाला की मामा, ती गाडी आपण उभी करू. हा तोच मुलगा, मनसरच्या वळणावर ताईने धरलेला. त्याने इंजिनाचा ध्यास घेतला. मी म्हणालो, इंजिन नंतर, आधी दार. त्याच्या ओळखीने एक म्हातारे वस्ताद भेटले. त्यांनी गाडी पाहिली, दाराची मोकळी कड दोन्ही हातांनी खालून धरून वर उचलली, दार 'टक' असे वाजून वर आले. सोडले, पुन्हा 'टक' करून खाली. एवढ्यात त्यांची तपासणी संपली. मी म्हणालो, चांगले कुलूप कोठे मिळेल? तर म्हणाले, "मास्तर, कुलूप काऊन बदलवता जी? कुलूप बेकसूर आहे. दार खाली बसलं, अन् कुलूप बिचारं वरती वाट पाहून राहिलं." तीस वर्षे मी जे ऐकायला हवे होते ते असे अर्ध्या मिनिटात ऐकायला मिळाले.

वस्तादांच्या भाषेत बिजागरी म्हणजे कब्जा. शब्द हिंदीतून आला असेल, पण अर्थाने चपखल आहे. कब्जा सुटला की बाकीचे आपले राहत नाही.

त्यांनी कामाचा क्रम लावला तो असा, की स्ट्रायकर सर्वांत शेवटी. आधी बिजागरी, मग दाराची जागा, मग कुलूप, मग मूठ, मग स्ट्रायकर, आणि त्याच्याही नंतर रबर. आपण सामान्य लोक बरोबर उलट्या क्रमाने जातो, कारण रबर बदलणे सर्वांत सोपे आणि स्वस्त. नवे जाड रबर लावले की ढिले दार घट्ट वाटू लागते. तो घट्टपणा रबराचा असतो. पोलादाचा नसतो.

बिजागरी काढण्याआधी तिच्या भोवती टोकदार हत्याराने पत्र्यावर रेघ ओढून ठेवायची. ही रेघ फार महत्त्वाची. तिच्यावाचून दार परत कोठे बसवायचे याचा मागमूस राहत नाही. दाराखाली लाकडी स्टूल, त्यावर गोणपाट, म्हणजे दार खाली येणार नाही. स्क्रू पन्नास वर्षांचे, गंजून एकजीव झालेले. त्यांवर आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवले. तरी एक हलेना. मी पेचकस लावून जोर करू लागलो तेव्हा वस्तादांनी माझ्या हातातून तो काढून घेतला. स्क्रूची खाच एकदा चिरडली की दोन मिनिटांचे काम दोन दिवसांवर जाते. त्यांनी पेचकसाच्या डोक्यावर हातोडीचे आडवेउभे ठोके देत देत तो स्क्रू जागा केला. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती जुनी गाडी बाळगणाऱ्याने लिहून ठेवावी. काही गाड्यांत बिजागरीचे स्क्रू ज्या आट्यांत बसतात ती पट्टी खांबाच्या आत सुटी ठेवलेली असते, म्हणजे दार थोडे इकडेतिकडे सरकवता यावे. सगळे स्क्रू एकदम काढले की ती पट्टी खांबाच्या पोटात पडते आणि मग ती तारेच्या आकड्याने बाहेर काढताना माणूस देवाचे नाव घेतो. म्हणून एका वेळी एकच बिजागरी, आणि तिचाही एक स्क्रू राखून.

पिन बाहेर आली तेव्हा मी ती हातात घेतली. मध्ये ती कंबर बारीक झाल्यासारखी झिजली होती. आणि तिचे भोक गोल उरले नव्हते, चिंचोक्यासारखे लांबट झाले होते. इथे एक मोठा मोह असतो. त्याच भोकात जरा जाड पिन ठोकून बसवायची. गाडी विकायची असेल तर हे पुरते. पण लांबट भोकात गोल पिन बसली तरी ती दोनच ठिकाणी टेकते आणि वर्षभरात पुन्हा मोकळी होते. वस्तादांनी भोक आधी रीमरने पुन्हा गोल करून घेतले, थोडे मोठे. मग खराद्याकडून गनमेटलचे पातळ बुश करून त्यात दाबून बसवले, आणि त्या बुशात नवी पिन. पिनेसाठी त्यांनी काय वापरावे? कोणत्याशा डिझेल इंजिनाच्या जुन्या व्हॉल्व्हची दांडी. सरळ, गुळगुळीत आणि कडक. मी विचारले की बुश मऊ आणि पिन कडक, हे उलट का नाही? तर म्हणाले, झिजणार तर आहेच, मग काय झिजू द्यायचं ते आपण ठरवावं. बुश बदलायला शंभर रुपये, कब्जा बदलायला मिळतच नाही.

'मिळतच नाही' यावर थोडे सांगतो. पद्मिनीचे उत्पादन विसाव्या शतकाअखेर थांबले. त्यानंतर कितीतरी वर्षे सुट्या भागांची चणचण भासली नाही, कारण मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी रस्त्यावर होत्या. जोपर्यंत टॅक्सी चालते तोपर्यंत तिचा स्प्रिंग, तिची मूठ, काच वर चढवण्याचा तिचा दांडा कोणी तरी बनवतो, कोणी तरी विकतो. तिथे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस मुदत संपून रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांत पुष्कळ हळवे लेख आले. मला मात्र दाराच्या कुलपांची चिंता वाटली.

त्याच्या एक वर्ष आधी मी विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला गेलो होतो, कुर्ल्याच्या भंगार बाजारात. जिथल्या कारखान्यात गाडी जन्मली तिथेच तिचे अवयव विकत घेण्याचा योग. तिथे एक गंमत ध्यानात आली. टॅक्सीत उतारू बहुधा डाव्या मागच्या दाराने चढतो उतरतो. म्हणजे टॅक्सीचे सर्वांत झिजलेले दार डावे मागचे. आणि मला हवे होते तेच. उजव्या मागच्या दाराची कुलपे ढिगाने, जवळजवळ नवी. पण डावे आणि उजवे कुलूप ही आरशातली जोडी आहे, एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. हे मला ठाऊक होते, तरीही गर्दीत दुकानदाराने हातात ठेवलेले चकचकीत कुलूप मी डावे म्हणून घेऊन आलो आणि नागपुरात येऊन पाहतो तो उजवे! भाच्याने ते शोकेसमध्ये ठेवले आहे, पाहुण्यांना दाखवायला.

मुठीची कथा वेगळी. जुनी मूठ जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते आणि वर क्रोमचा मुलामा. आतून धातू फुटू लागला की मुलाम्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे येतात. बाजारात नव्या बनवलेल्या मुठी मिळतात, दिसायला झकास. परंतु मुठीचे काम दिसण्यात नसून तिच्या आतल्या चौकोनी दांड्यात आहे. तो दांडा कुलपाच्या चौकोनी भोकात सैल असला तर मूठ आधी थोडी रिकामी फिरते आणि मग कुलूप ओढते. म्हणून खरेदीला जाताना जुने कुलूप खिशात घेऊन जावे आणि दुकानातच दांडा घालून फिरवून पाहावा. मी तीन मुठी परत केल्या. शेवटी जुनीच मूठ घासूनपुसून ठेवली आणि फक्त तिचा दांडा नवा करवून घेतला. खड्डे आहेत, असोत.

आता कुलपाविषयी, कारण तोच जिवाचा प्रश्न. मोटारीच्या कुलपाला दोन अडकण्या असतात. दार हलके लोटले की पहिलीत अडकते, पूर्ण लोटले की दुसरीत. पहिली ही केवळ खबरदारी, दार चुकून अर्धवट राहिले तर ते एकदम उघडू नये म्हणून. मी स्ट्रायकर सरकवला त्यानंतर आमचे दार कायम पहिलीतच राहू लागले, आणि तिचीही कड मी कानशीने खाल्ली होती. म्हणून ते इतके हलके लागत होते. दार सहज लागणे आणि दार पक्के लागणे यांत मी भेद केला नाही.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात ह्यू डीहेवन नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1950 नंतरच्या दशकात मोटार अपघातांचा पद्धतशीर अभ्यास केला. तोवर पुष्कळांची अशी समजूत होती, की अपघातात गाडीबाहेर फेकला गेलेला माणूस सुदैवी. त्यांच्या अभ्यासात उलटे निघाले: आत राहिलेला वाचण्याचा संभव अधिक, आणि बाहेर फेकला जातो तो मुख्यतः दार उघडल्यामुळे. जुन्या पद्धतीचे कुलूप दाराला आतबाहेर अडवी, पण गाडीचा सांगाडा ताणला गेला की जीभ लांबीच्या दिशेने सटकून निघे. 1956 च्या फोर्ड गाड्यांत दुहेरी पकडीची कुलपे आली, 1959 मध्ये मर्सिडीजने आपल्या नव्या गाडीला खुंटीची सुरक्षित कुलपे बसवली, आणि 1968 पासून अमेरिकेत दाराच्या कुलपांना आणि बिजागऱ्यांना कायद्याने मानक लागू झाले. बिजागऱ्यांनाही, हे लक्षात घ्या. आमची गाडी ज्या वर्षी कुर्ल्याहून निघाली त्याच वर्षी. मी हे वाचले तेव्हा माझ्या मनात आले, की साऱ्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट शिकायला मला मनसरचे वळण लागले.

बुश बसले, पिन बसली. दार पुन्हा टांगले, तेव्हा वस्तादांनी स्ट्रायकर मुद्दाम काढून ठेवला. स्ट्रायकर नसताना दार लोटायचे आणि कडेच्या फटी पाहायच्या: वर, खाली, मागे. फट सगळीकडे सारखी आली म्हणजे दार आपल्या आपण जागेवर येते आहे. त्याला कुलपाने उचलावे लागत नाही आणि खाली ओढावेही लागत नाही. आमच्या दाराची फट मागे वर बारीक आणि खाली रुंद होती. चार वेळा बिजागरी सैल केली, ओढलेल्या रेघेच्या केसभर पुढे सरकवली, कसली. संपूर्ण दुपार गेली. भाचा कंटाळून चहा आणायला गेला. मग स्ट्रायकर लावला. मी कानशीने घासलेला तो जुना तुकडा वस्तादांनी मला दाखवला आणि विचारले, "हे कोनं केलं जी?" मी सांगितले. ते काही बोलले नाहीत, तुकडा माझ्या हातात दिला. तो आज मी सोबत आणला आहे; पहिल्या रांगेतून मागे फिरवा, म्हणजे कड कशी खाल्ली गेली ते दिसेल. परत मात्र द्या.

कायद्याचेही एक वाक्य. केंद्र सरकारने 2021 मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी काढली. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी, सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणजे ढिल्या दाराला वैतागून दुसऱ्याच गाडीचे दार कापून जोडणे, जे आपल्याकडे सर्रास चालते, त्याने ती पात्रता धोक्यात येऊ शकते. बुश आणि पिन यांना कोणी फेरफार म्हणणार नाही.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. इंजिनाविषयी मात्र विचारू नका, ते भाच्याचे खाते. गाडी मी आज मुद्दाम आणली आहे, सभागृहाबाहेर डाव्या हाताला कडुनिंबाखाली उभी आहे. जाताना डावे मागचे दार उघडून पाहा, लावून पाहा. एकच आवाज येतो. आपटू नका, बोटाने लोटले तरी पुरे, आणि लोटल्यावर मूठ एकदा ओढून पाहा.